त्या बाईनं भात खाल्ला होता

वन्सं, तुमचा दहावा परवा कोल्हारला झाला. नीट झाला की नाही ते शेवटी सांगते. कुठलीही गोष्ट अर्ध्यात आली की "आधी शेवट सांग, मग बाकीचं" म्हणायची तुमची खोड होती. आता तुम्हाला धीर धरावा लागेल.

भेटायला माणसं येतायत. चहा होतो, थोडं गप्प बसणं होतं, मग तुमच्याबद्दल बोलणं निघतं. ऐकत राहिलं की वाटतं, आपण भलत्याच बाईच्या सुतकात बसलोय. तुम्ही म्हणे सोशिक होतात. देवभोळ्या होतात. काल एक बाई म्हणाल्या, "आक्का कधी तोंड वर करून बोलल्या नाहीत." मी कपबश्या उचलून आत गेले आणि उगाच दोनदा विसळल्या. भिंगारच्या थिएटरात भर खेळात उभ्या राहून तुम्ही काय ओरडला होतात, ते त्या बाईंना कुणीतरी सांगायला हवं. मी नाही सांगितलं. हे पलीकडेच बसले होते.

बाकी तुमचं चरित्र सगळ्यांना पाठ आहे. ह्यांची थोरली बहीण, तिशीच्या आत कपाळ पांढरं झालं, यजमान मिलिटरीच्या डेपोत कारकून होते म्हणून भिंगारलाच दोन खोल्यांत राहिली, जवानांचे शर्ट-पँटी दुरुस्त करून पोट भरलं. संपलं. बुधवारी दुपारचा सिनेमा हा तुमचा नेम होता, हे मात्र कुणी बोलत नाही. कुणाचा गुरुवार असतो, कुणाचा सोमवार, तसा तुमचा बुधवार होता.

त्या सिनेमाचं नाव मी इथं लिहीत नाही. आमच्या घरात ते घेतलं जात नाही. आपण दोघी त्याला 'कावळ्याचा सिनेमा' म्हणायचो, तेवढं पुरे.

तुम्ही तो लागल्या लागल्या पाहिलात आणि तशाच टांग्यात बसून नगरला आमच्याकडे आलात. हे कचेरीत होते. मी शाळेतून येऊन नुकतीच तांदूळ निवडायला बसले होते. "सुमन, आधी पाणी दे. हसून हसून घशाला कोरड पडली," म्हणालात, आणि माझ्यासमोर पाटावर बसून अख्खा सिनेमा करून दाखवलात. मला आजही त्यातली माणसं तुमच्या आवाजात बोलताना ऐकू येतात.

गावातला एक बडा असामी वारलाय. दहाव्याला घाटावर ही गर्दी. पिंड मांडलेत आणि कावळा काही शिवत नाही. गेलेल्याची इच्छा राहिली असणार म्हणून एकेकजण पुढं होऊन शब्द द्यायला लागतो. थोरला मुलगा म्हणतो, आबांच्या नावानं शाळा बांधतो. धाकटा म्हणतो, मी शाळेवर मजला चढवतो. पुढारी मोटारीतून उतरतो आणि थेट कावळ्याला उद्देशून भाषण करतो. कावळा फांदीवर चोच घासत बसलेला. दुपार चढते तशी माणसं खऱ्याला हात घालायला लागतात. कुणी बाटली आणून पिंडाशेजारी ठेवतं. कुणी तमाशातल्या बाईला जीपमध्ये घालून आणतं. शेवटी मुलांना चारचौघांत कबूल करावं लागतं, की शेजाऱ्याच्या रानात आबांनी सरकवलेला बांध आम्ही परत मागं घेऊ. तरी कावळा ढिम्म. आणि या सगळ्या वेळात गेलेल्याची बायको मागं बायकांच्या रांगेत डोक्यावरून पदर घेऊन बसलेली आहे. तिला कुणी काही विचारत नाही.

"आता ऐक," तुम्ही म्हणालात. "ती उठती. समद्यांना वाटतं, आता ही हंबरडा फोडनार. तर ती हसायला लागती. आधी बारीक, मग मोठ्यानं. हसत हसत पिंडापशी जाती, खाली बसती, आन् भात खाती."

"पिंडाचा?"

"पिंडाचा. सकाळधरनं उपाशी हुती ती."

मी "शी!" म्हणाले. तुम्ही माझ्याकडं असं पाहिलंत, जसा माझ्यासारख्या मास्तरीणबाईचा पाढा चुकलाय. मग तुम्ही पुन्हा हसायला लागलात, आणि मला कळेना की तांदळाचं सूप पुढं ओढावं की मागं.

ह्यांना तो सिनेमा आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळात कळला. आपल्या क्रियाकर्मांची टिंगल केलीय, विधवा बाईला पिंड खाताना दाखवलंय, आयाबायांनी असलं पाहायचं का, वगैरे. मंडळाची माणसं निवेदन घेऊन कलेक्टर कचेरीत गेली, त्यांत हे पुढं होते. मी विचारलं, "तुम्ही पाहिलाय का?" तर म्हणाले, "घाण आहे हे कळायला त्यात हात घालावा लागतो का?" यावर उत्तर नव्हतं असं नाही, पण नवऱ्याला प्रत्येक वेळी उत्तर दिलं तर संसाराला वेळ उरत नाही. सिनेमा उतरला. त्या जागी एक पौराणिक लागला, त्यात बायका अंगभर दागिने घालून उपाशी राहत होत्या.

काही महिन्यांनी तो परत आला. दारावर 'सुधारित प्रत' अशी पट्टी चिकटवली होती. तुम्ही मला ओढून नेलंत. थिएटर तुम्हाला ठाऊकच आहे, वर पत्रे, मध्ये कमरेइतकी भिंत, एका अंगाला बायका आणि दुसऱ्या अंगाला जवान आणि बाजारातली माणसं. यंदाचा दुष्काळ सुरू झाला होता, त्यामुळं गर्दी बेताची होती.

वन्सं, एक गोष्ट मी तुम्हाला कधी नीट सांगितली नाही: मला तो सिनेमा आवडला. सगळा नाही. पुढाऱ्याचं भाषण लांबलंय, आणि तमाशातल्या बाईवरचे विनोद उगाच चावट आहेत. तिला बिचारीला माणूस म्हणून एक तरी वाक्य द्यायचं होतं. पण ज्यानं कुणी तो काढला, त्याला घाट माहीत होता. तीन दगडांच्या चुलीवर भाताचं पातेलं चढतं ते त्यानं किती वेळ दाखवलंय. पुढं पुरुष आश्वासनं देतायत, आणि पाठीमागं ती बायकांची रांग सतत दिसत राहते. कुणी मूल मांडीवर घेतं, कुणी पदराच्या आत ओठ चाटतं. आधी मला वाटलं, ही नुसती गर्दी आहे. मग लक्षात आलं, तो आपल्याला तिकडंच बघायला सांगतोय. मेलेल्याची थट्टा त्यात कुठं नाही. थट्टा आहे ती जित्यांची. आणि ती करणारा माणूस स्वतः कधीतरी त्या घाटावर मान खाली घालून उभा राहिलेला असणार, नाहीतर इतकं बारीक दिसत नाही.

शेवट आला. ती बाई उठली, पदर मागं सारला, तोंड उघडलं, आणि पुढच्या क्षणाला पडद्यावर कावळा. पिंडाला चोच लावतोय. गर्दी हात जोडतेय. मागून सनई. दिवे लागायच्या आत तुम्ही उभ्या राहिलात.

"ओ मशीनवाले! त्या बाईनं भात खाल्ला हुता! त्यो कुठं गेला?"

पलीकडून जवानांनी शिट्ट्या मारल्या. मी तुमचा पदर ओढला, तो माझ्या हातातून सुटला. मॅनेजर धावत आला. तो तुम्हाला ओळखत होता, त्याच्या सदऱ्याच्या कॉलरी तुम्हीच उलटवून दिल्या होत्या.

"आक्का, बसा खाली. ते वरून कापून आलंय."

"वर कोन ऱ्हातं?"

"वर म्हणजे... वर."

तो थिएटरच्या पत्र्याकडं बोट करून उभा राहिला. कात्री कुणाची होती ते आजतागायत कळलेलं नाही. सरकारची म्हणावी तर कुणी थिएटरवाल्यांची म्हणतं, कुणी म्हणतं सिनेमावाल्यांनीच भिऊन लावली. सगळे वर बोट करतात. आपल्या शेजारी एक म्हातारी बसली होती, नऊवारीचा सोगा सावरत तिनं तुम्हाला हळूच विचारलं, "खरंच खाल्ला व्हय?" तुम्ही म्हणालात, "व्हय. म्या डोळ्यांनी बघितला." ती म्हणाली, "बरं केलं," आणि चपला शोधायला लागली.

परतताना टांग्यात मी विचार करत होते. नुसता एक तुकडा गेला असता तर गेला, म्हणता आलं असतं. पण त्या तुकड्यानं सिनेमा उलटा फिरला. आधी त्यात एक उपाशी बाई जेवत होती. आता एका पतिव्रतेनं नुसता पदर मागं सारला आणि तिच्या पुण्याईनं कावळा आला. म्हणजे जो सिनेमा तिला दिवसभर उपाशी बसवणाऱ्यांना हसत होता, तोच आता त्यांच्या बाजूनं टाळ वाजवत होता. कापून काढलेलं खोटं नसतं. उरलेलं खोटं होतं, हे मला तेव्हा कळलं. आणि हे म्हणत होते की आयाबायांनी असलं पाहू नये. आयाबायांनी उपाशी बसलेलं चालतं. एकीनं उठून खाल्लं, हे तेवढं पाहायचं नाही.

तुमचं ओरडणं दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीत पोचलं. हे मला घेऊन भिंगारला आले. तुम्ही शिवणाच्या मशीनवर होतात, पाय थांबवला नाहीत.

"आक्का, चारचौघांत काय हे? तुला कळत नाही? दाजींच्या दहाव्याला कावळा कसा शिवला, तू पाहिलंस ना?"

ती गोष्ट मी लग्न होऊन आल्यापासून ऐकत होते. तुमच्या यजमानांच्या मागं कुणी नव्हतं, म्हणून त्यांचाही दहावा तुमच्या माहेरी, कोल्हारला, तुमच्या वडिलांनीच केला. कावळा शिवेना. मोठ्यांनी किती शब्द दिले. शेवटी ह्यांनी, मिसरूड फुटत असलेल्या पोरानं, पुढं होऊन हात जोडले: "दाजी, आक्काला मी सांभाळीन." आणि कावळा उतरला. 'बापूच्या शब्दाला कावळा शिवला' असं गाव अजून म्हणतं. ह्यांच्याबद्दल त्याहून मोठं वाक्य नंतर कुणी बोललं नाही. आणि ह्यांनी तो शब्द पाळला, वन्सं. तुमच्या ज्वारीचं पोतं कधी चुकलं नाही. यंदा आम्ही रेशनची परदेशी लाल ज्वारी, ती मिलो, खाल्ली, पण तुमच्याकडं गावची ज्वारी गेली.

तुम्ही मशीन थांबवलंत.

"बापू, त्यो तुझ्या सबदाला न्हाई आला. त्याला भूक लागली हुती." मग सुई वर करून दोरा तोडलात. "मलाबी लागली हुती."

ह्यांनी खुंटीवरची टोपी घेतली आणि बाहेर पडले. त्यानंतर हे तुमच्या उंबऱ्यावर आले नाहीत. पोतं टांगेवाल्याबरोबर येत राहिलं.

ह्यांच्यामागून निघायचं सोडून मी तिथंच बसले, तेव्हा तुम्ही ते सांगितलंत. सांगताना तुमचा आवाज नेहमीसारखाच होता, कापडाचं माप सांगावं तसा. "दिवसभर बसले हुते, सुमन. नवरा गेलेला, आन् माझ्या डोळ्यांपुढं भाकरी दिसत हुती. पातेल्यातल्या भाताचा वास यायचा. वाटायचं, आपन केवढी पापी बाई. मानूस गेलाय आन् हिला भूक लागलीय. कुनाला सांगनार? इतकी वर्सं कुनाला सांगितलं न्हाई. मग ती बाई खायला लागली पडद्यावर. मला वाटलं, चला, मी येकटी न्हाई." तुम्ही दोरा पुन्हा सुईत ओवलात. "आन् तेवढंच कापलं मेल्यांनी."

मला तेव्हा तुमचा हात धरावासा वाटला होता. धरला नाही, आपली तशी रीत नव्हती. पण त्या दिवशी तुम्ही मला जे दिलंत, ते मला कुठल्याही पुस्तकानं दिलेलं नाही, आणि पुस्तकं मी बरीच वाचली आहेत. 

आपला वाद मात्र मिटलेला नाही, आणि तुम्ही गेलात म्हणून मी तो सोडून देणार नाही. माझं म्हणणं होतं की तुम्ही ह्यांना ते तसं सांगायला नको होतं. कावळा भुकेला असेल. म्हणून पोराचा शब्द खोटा ठरत नाही. भुकेला कावळा आणि खरा शब्द एका वेळी घाटावर असू शकतात. तुम्ही म्हणायचात, "मग त्यानं तसं म्हनावं की. म्या कुठं न्हाई म्हंते?" मी म्हणायचे, तुम्ही बोलावल्याशिवाय ते येणार नाहीत. तुम्ही म्हणायचात, मी काय पत्रिका छापू? भावंडं होतात, हट्टाच्या बाबतीत कुणी कुणाला हार गेलं नसतं. पोतं आलं की तुम्ही टांगेवाल्याच्या खांद्यावरून रस्त्याकडं बघायचात, हे मी पाहिलंय. हे दर बुधवारी दुपारी 'आज भिंगारला काय लागलंय' असं पेपरात बघायचे, हेही मी पाहिलंय. तुम्हाला दवाखान्यात हलवल्याचं कळलं तेव्हा हे टोपी न घालताच निघाले. पोचले तेव्हा तुम्ही बोलण्यापलीकडं होतात.

आता शेवट.

अग्नी ह्यांनीच दिला होता, त्यामुळं दहाव्यालाही सगळं ह्यांच्याच हातून. भंडारदऱ्याचं पाणी नुकतंच सोडलं होतं म्हणून प्रवरेत निदान पाय भिजत होते. आमच्याकडं बायकाही घाटावर जातात, बसायचं मात्र मागं, आणि कावळा शिवेपर्यंत घरच्या कुणी तोंडात पाणी घ्यायचं नाही. पिंड मांडले. कावळे होते, बाभळीवर चांगले चार-पाच बसले होते. एकही खाली येईना.

सुरुवात झाली. कुणी म्हणालं, आक्काची तुळस वाळू देणार नाही. कुणी म्हणालं, मांजराला दूध घालू. मशीन भाचीला देऊ, असं म्हटल्यावर एक कावळा उडाला तो थेट नदीपलीकडं. "कावळंसुदिक दुष्काळी कामावर गेलं जनू," मागून एक म्हातारा म्हणाला, आणि दोघंतिघं हसू दाबायला खोकले. ऊन चढलं. माझ्या मनात सारखा तो सिनेमा येत होता, आणि माझी खात्री आहे, ह्यांच्याही येत होता, न पाहिलेला असला तरी.

मग सगळे ह्यांच्याकडं बघायला लागले. गावाला ठाऊकच होतं. चुलते म्हणाले, "बापू, तू सबद दे. तुझ्या सबदाला येतो त्यो."

वन्सं, ह्यांनी हात जोडले असते आणि कावळा उतरला असता, तर तुमच्याशी मांडलेला वाद ह्यांनी कायमचा जिंकला असता, आणि तुम्ही उत्तर द्यायला नव्हता. मी ह्यांच्या पाठीकडं बघत होते. डोक्याचा गोटा केलेला, मानेवर उन्हाचा चट्टा. ह्यांनी एकदा पिंडाकडं पाहिलं. मग वळले आणि म्हणाले, "बायकांना वाढा."

गुरुजींना वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "अजून शिवला नाही, बापूराव."

"शिवंल तवा शिवंल. बायका सकाळधरनं उपाशी हायेत."

"आरं, लोक काय म्हंतील?" चुलते म्हणाले.

शेजाऱ्यांनी डोक्यावरून आणलेल्या जेवणाच्या पाट्यांवरचं फडकं ह्यांनी स्वतःच काढलं. पत्रावळ्या मांडल्या. ह्यांना वाढायची सवय नाही, तुम्ही लाडावून ठेवलेला भाऊ. माझ्या पत्रावळीवर भात सांडेपर्यंत घातला आणि वर आमटी ओतली ती मातीत गेली. रांगेतली एकही बाई हात लावेना. सगळ्या एकमेकींकडं बघत होत्या. हे माझ्यासमोर उकिडवे बसले. घरात हे माझ्याशी कोल्हारच्या बोलीत कधी बोलत नाहीत.

"जेव," हे म्हणाले. "आक्का तवा उपाशी ऱ्हायली हुती. मला दिसत हुतं."

मी पहिला घास घेतला. मग शेजारी बसलेलीनं घेतला, मग तिच्या पलीकडचीनं. भात गार झाला होता आणि आमटीत मीठ कमी होतं.

कावळा शिवला का, म्हणाल. शिवला म्हणतात. मी पाहिलं नाही, वन्सं. मी जेवत होते.